वरच्या कागदावरची माणसं

१

थर्झा लार्टरचं काम उजेडाच्या मर्जीवर चाले. लोस्टॉफ्टच्या बंदराकडे उतरणाऱ्या, हेरिंग मासे सुकवण्याच्या धुरानं काळवंडलेल्या गल्लीच्या टोकाला मिस्टर गेज यांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या वरच्या मजल्यावर काचेच्या छपराची खोली होती, आणि त्या खोलीत ती अठरा वर्षं फोटो छापत आली होती. काचेच्या निगेटिव्हला कागद भिडवून चौकटीत आवळायचा, चौकट छपराखाली ठेवायची आणि वाट बघायची. उन्हाळ्यात पाच-सहा मिनिटं पुरत; डिसेंबरात एकेका फोटोला अख्खी दुपार जाई.

तिचा हात बसला होता तो प्लॅटिनमच्या छपाईवर. हा फोटो कागदावर बसत नाही, कागदात मुरतो. त्याला चकाकी नसते. उजेडातून काढलेल्या कागदावर चेहऱ्याची नुसती चाहूल असते. तो औषधाच्या पाण्यावर सोडला की एका दमात सगळा माणूस वर येतो, बुडालेल्यानं पाण्याबाहेर डोकं काढावं तसा. अठरा वर्षांत त्या क्षणाची तिला सवय झाली नव्हती.

लढाई सुरू झाली आणि प्लॅटिनम सरकारजमा झालं. तोफगोळ्यांना तेजाब लागतं, तेजाबाला प्लॅटिनम लागतं, असं गेज सांगत. लंडनहून आता पॅलेडियमचा कागद येई. काम तेच, फक्त माणसं जरा तपकिरी, उबदार दिसत. प्लॅटिनम ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं थर्झाची एकुलती एक लेकही गेली होती. लोइस एकोणीस वर्षांची. घरी विधवा आई एकटी राहणार हे ठाऊक असूनही ती दारूगोळ्याच्या कारखान्यात भरती झाली, रेल्वेनं सहा तासांवर.

एकोणीसशे सोळाच्या डिसेंबरात एका सकाळी गेज काठी टेकत वर आले. त्यांची नजर अधू झाली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"लार्टरबाई, खालची दोन कपाटं रिकामी करायची. नव्वद सालापासूनचे सगळे नमुने जाळायचे."

"जाळायचे? मालक, जन्मभराचं काम आहे तुमचं!"

"म्हणून तर. राख पाठवली की लंडनवाले त्यातून प्लॅटिनम गाळून घेतात. पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलो, हा फोटो अमर आहे, तुमची नातवंडं मरतील पण हा फिका पडणार नाही. घ्या आता. अमरांची राख."

ते हसले.

२

प्रत्येक नमुना एका पाकिटात होता, पाकिटावर नाव, आणि फोटोच्या तोंडावर एक पातळ कागद. पाकीट फोडायचं, वरचा कागद बाजूला काढायचा, फोटो पेटीत टाकायचा. चौकटी उजेडात तापत असताना थर्झा हे करू लागली.

वरच्या कागदांवर सावल्या उमटल्या होत्या. त्यात नवल काही नव्हतं. प्लॅटिनमचा फोटो वर्षानुवर्षं दुसऱ्या कागदाला चिकटून राहिला की त्या कागदावर आपली फिकट, पिवळसर छाप सोडतो, आरशातल्यासारखी उलटी. या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी बंदराच्या जुन्या मुख्य साहेबांचं पाकीट हाती आलं. गेल्याच थंडीत ते वारले होते. फोटोत दाढीवाला, छाती काढून बसलेला, नजर थेट समोर. थर्झानं वरचा कागद उचलला आणि खिडकीशी धरला. खुर्ची होती. खांदे होते. दाढी नव्हती. त्या जागी कॉलरची पट्टी होती आणि तिच्यावर मानेचा जाड मांसल भाग, नीट कापलेल्या केसांखाली.

ओल लागली असेल, तिनं मनाशी म्हटलं. चेहऱ्याचा भाग विरला असेल, डागात आपल्याला मान दिसते. ढगात मेंढ्या दिसतात तशी.

तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला. मग बाजूला ठेवला आणि पुढचं पाकीट फोडलं. एक नवरा-नवरी, दोघं हयात. सावलीत दोघं समोर बघत होती. दुसऱ्या पाकिटात एक बाळ, देवीनं गेलेलं. त्या बाळाच्या टोपीची मागची गाठ सावलीत दिसत होती, आणि फोटोत ती दिसायचं काही कारणच नव्हतं.

दुपार सरता सरता तिला अटिंगांचं पाकीट सापडलं. तिघे भाऊ ओळीनं उभे, नव्या लोकरी स्वेटरांत. थोरला समुद्रात सुरुंग काढताना गेला होता, मधला फ्रान्सात. धाकटा एली हात गमावून परत आला होता आणि रोज याच गल्लीत हातगाडीवर हेरिंग विकत होता. आत्ताही खालून त्याची आरोळी येत होती.

वरच्या कागदावर दोघे पाठमोरे होते. एली एकटा समोर बघत होता.

३

तिनं तो कागद गेजकडे नेला.

"मालक, यात काय दिसतं तुम्हांला?"

गेजनी तो नाकाला लावला, दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. "चहा सांडलाय."

"तिघांपैकी दोघांची तोंडं दिसतात का?"

"बाई, मला तुमचं तोंड धड दिसत नाही. डाग आहेत हे. तेजाब नीट धुतलं गेलं नाही की असं होतं. कुणी धुतलं होतं?" ते मिश्कीलपणे म्हणाले. "तुम्हीच!"

ती हसली. खरंच हसली, आणि जरा बरं वाटलं. मोजपट्टी घेऊन तिनं खांद्यांची रुंदी मोजली, फोटोतली आणि सावलीतली. दोन्ही सारख्या भरल्या. उलटी छाप, जुनं तेजाब, ओल, थकलेले डोळे. एकेक कारण तिनं बोटावर मोजलं आणि एकेक पुरेसं होतं. तरी त्या दिवसापासून ती खोलीत फोटोंच्या पेटीकडे पाठ करून बसेनाशी झाली. पेटीत टाकलेल्या फोटोंची सळसळ होई. कागद थंडीनं आकसतो, त्याचा आवाज होतो, हेही तिला माहीत होतं.

'ल' अक्षराचा कप्पा तिनं शेवटाला ठेवला. त्यात चार सालचं एक पाकीट होतं. गेजनीच हौसेनं काढलेला फोटो: थर्झा खुर्चीत, आणि तिच्या गुडघ्याला टेकून सहा वर्षांची लोइस.

४

नाताळच्या आधी सोन्सबाई आल्या. त्या जाळी सांधायचं काम करत. काथाच्या रंगानं त्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. त्यांचा जेथ्रो सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. नोव्हेंबरात बोट फुटली. 'बेपत्ता' एवढंच कळवलं होतं.

"तुमच्याकडे त्याची काच आहे ना? पंधराव्या वर्षी पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हाची?" सोन्सबाई म्हणाल्या. "मोठा छापून द्या. आणि तो तपकिरी नको. पूर्वीचा, न उडणारा द्या."

"प्लॅटिनम मिळत नाही हो आता."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागत्येय." त्या खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या. "शेजारणी म्हणतात दुखवट्याचं काळं शिवायला टाक. नवरा म्हणतो काळं शिव. मी म्हणते, त्याला अजून गेलेला म्हणायची कुणाला घाई झालीय एवढी? फोटो असू दे भिंतीवर. आला तर चिडवेल मला."

थर्झाकडे डाख लावून बंद केलेल्या डब्यात प्लॅटिनमचे शेवटचे दोन कागद होते. तिनं नाही म्हटलं नाही.

सोन्सबाई खाली गेल्यावर तिनं जेथ्रोचं पाकीट शोधलं. उघडण्याआधी हात एप्रनला पुसले. वरच्या कागदावर पोरगा समोर बघत होता. भुवया, फुटलेला ओठ, कानामागे खोचलेली पेन्सिल, सगळं लख्ख. इतकी स्पष्ट सावली तिनं अजून पाहिली नव्हती.

ती जिना उतरून धावत दारापर्यंत गेली. सोन्सबाई गल्लीच्या वळणावर होत्या.

"सोन्सबाई! काळं शिवू नका!"

"का हो? काय कळलं तुम्हांला?"

कागदावरच्या डागाचं काय सांगायचं? "काही नाही. मला वाटतं आपलं."

सोन्सबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तो तपकिरी हात पुढे करून थर्झाचं मनगट घट्ट दाबलं, आणि गेल्या.

५

जानेवारीच्या मध्यावर त्या परत आल्या तेव्हा काळ्या कपड्यांत होत्या. थर्झा काचेच्या खोलीत चौकटी आवळत होती. सोन्सबाई जिना चढून आल्या आणि धापा टाकत भिंतीला टेकल्या.

"जिवंत होता," त्या म्हणाल्या.

थर्झानं हातातली चौकट खाली ठेवली.

"कोळशाच्या एका बोटीनं उचलला त्याला. पार उत्तरेला नेला. डोक्याला मार, वाचा गेलेली, खिशात कागद नाही. सात आठवडे इस्पितळात पडून होता. खाटेवर नाव नाही. नऊ तारखेला गेला." त्या थांबल्या. "मग कुणी नर्स म्हणाली, याच्या मोज्याला रफू नाही, जाळ्याची गाठ आहे. लोस्टॉफ्टकडचा असणार. माझी गाठ, लार्टरबाई. मी मारलेली. मेल्यावर ओळखला त्याला. पायावरून."

"सोन्सबाई, बसा ना जरा—"

"मी इथं आले त्या दिवशी तो जिवंत होता. तुम्हांला ठाऊक होतं."

"नव्हतं हो. देवाशपथ."

"मग माझ्यामागे धावत का आलात? माझा चेहरा पाहून दया आली म्हणून? नाही. तुमचा चेहरा पाहिलाय मी. तुम्हांला काहीतरी कळलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "काळं शिवू नका म्हणालात. त्याऐवजी, जा, शोधा त्याला, एवढं म्हणायचं होतं. मी चालत गेले असते हो. एकेका इस्पितळाच्या खाटा मोजत गेले असते. वाचा नव्हती त्याला. पण मी गेले असते तर ओळखलं असतं की नाही त्यानं?"

"ओळखलं असतं," थर्झा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सोन्सबाई शालीचं टोक दातांत धरून उभ्या राहिल्या. मग जिना उतरून गेल्या. पायऱ्या एकामागून एक वाजत राहिल्या.

जेथ्रोचा वरचा कागद तिनं पुस्तकात जपून ठेवला होता. तो काढला. केस, मान, आणि मानेवर वाकून आलेली कॉलर. कानामागची पेन्सिल आता मागच्या बाजूनं दिसत होती.

६

ल. लार्टर. चार साल, जून.

तिनं पाकीट हातात घेतलं ते दुपारी बाराच्या सुमारास, भर उजेडात. बघू नये, असं एक मन म्हणत होतं. बघितलं म्हणून काय होणार, न बघितलं म्हणून काय टळणार? पण सोन्सबाईंचे शब्द खोलीतून गेले नव्हते. तिनं कागद उचलला.

खुर्चीतली बाई समोर बघत होती. गुडघ्याशी टेकलेली मुलगी समोर बघत नव्हती, आणि पाठमोरीही नव्हती. एका अंगाला वळलेला गाल, नाकाचा शेंडा, एकाच डोळ्याच्या पापण्या. कुणीतरी मागून हाक मारावी आणि पोरगी मान वळवू लागावी, तशी.

थर्झानं चौकटी तशाच टाकल्या, पाकीट शालीआड घेतलं आणि स्टेशन गाठलं.

लोइस कारखान्याच्या वसतिगृहात राहत होती. तिला खाली बोलावलं तेव्हा जिन्यावरून जी मुलगी आली ती थर्झानं क्षणभर ओळखली नाही. चेहरा पिवळा, हात पिवळे, कपाळावरचे केस तांब्यासारखे झालेले.

"घाबरलीस ना?" लोइस हसली. "आम्हांला सगळे कॅनरी म्हणतात, ती पिवळी गाणारी पाखरं. तोफगोळ्यांत भरायच्या दारूमुळे होतं ते. गाणंसुद्धा येतं मला, म्हणून दाखवू?"

"तुझे डोळे पिवळे झालेत."

"जरा पित्त झालंय गं. अन्न टिकत नाही एवढंच. तू कशी काय आलीस अचानक? काय झालं?"

"घरी चल."

"आई, असं येता येत नाही. चिठ्ठीशिवाय सोडत नाहीत. पळून गेलं तर दुसरीकडे कुठं कामाला घेत नाहीत."

"मग चिठ्ठी माग."

"काय सांगून? आईला माझी आठवण येते म्हणून? हसतील सगळ्या!"

थर्झा थेट वसतिगृहाच्या बाईंकडे गेली. पुढं जे बोलली ते आधी ठरवलेलं नव्हतं. "मी मरायला टेकलेय," ती म्हणाली. "छातीचं दुखणं आहे. डॉक्टरनं उन्हाळ्यापलीकडचं सांगितलं नाही. मला दुसरं कुणी नाही. पोरगी द्या माझी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. सहा तासांचा प्रवास, उपाशी पोट, विस्कटलेले केस. त्यांचा लगेच विश्वास बसला.

गाडीत लोइस खिडकीला डोकं टेकून रडत होती. "खरं आहे का गं ते?"

"छे. तुला सोडवायला थाप मारली."

"असलं अभद्र बोलतात का?" लोइसनं डोळे पुसले. "दुसरं काही सुचलं नाही तुला?"

७

घरी पोचल्यावर लोइसनं जे अंथरूण धरलं ते सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस तिथं काढले असते तर यकृत गेलं असतं; दोन पोरी माझ्या डोळ्यांदेखत तशा गेल्यात. थर्झानं तिला पेज पाजली, ओकाऱ्या काढल्या, चादरी धुतल्या. धुतलेल्या पाण्यालाही पिवळा रंग येई. काही दिवस पोरीची शुद्ध जात-येत होती. पाकीट मधल्या खोलीतल्या खणात होतं. थर्झानं खणाला हात लावला नाही.

दरम्यान गेजनी दोन्ही कपाटं जाळली. पाकिटं, फोटो, वरचे कागद, सगळं. राखेचा डबा लंडनला गेला. सोन्सबाईंनी मोठा फोटो न्यायला माणूस पाठवला, स्वतः आल्या नाहीत. थर्झा एकदा त्यांच्या दारापर्यंत गेली. आत जाळ्याच्या सुया चालल्याचा आवाज येत होता. ती दार न वाजवता परत फिरली.

मार्चात लोइस उठून बसली. मग चालू लागली. एका रविवारी दुपारी तिनं स्वतः कणकेचे गोळे उकडले, शेजारणीला हाका मारल्या, जिन्यावर बसून एलीशी माशांवरून भांडली. त्या भांडणाचा आवाज ऐकत थर्झा आत भांडी पुसत होती, आणि बऱ्याच महिन्यांनी तिला वाटलं की आपण मूर्ख आहोत. ओल, तेजाब, थकलेले डोळे.

"आई, हे काय गं?" लोइस मधल्या खोलीतून ओरडली. "आपला फोटो! तू हा कधी आणलास?"

थर्झाच्या हातातलं फडकं थांबलं.

"किती बावळट दिसतेय मी. आणि या वरच्या कागदावर बघ, आपण दोघी उमटलोय. मी तर अगदी स्पष्ट. दातसुद्धा पडलेला दिसतोय." आवाज जवळ येत होता. "पण तू अशी का बसलीयस इथं?"

"कशी?"

लोइस दारात आली. तिनं कागद उजेडाकडे धरला होता आणि भुवया आक्रसून बघत होती. "पाठमोरी. तुझा अंबाडा दिसतोय. फोटोत तर तू समोर बघतेयस."

थर्झानं हात पुसले. कागद घेतला.

पोरगी समोर होती. सहा वर्षांची, लख्ख, हसणारी. तिच्या शेजारी खुर्चीत एक बाई बसली होती. अंबाड्यातून सुटलेली एक बट, मानेचा खळगा, पाठीवर बटणांची ओळ. त्यातलं तिसरं बटण वेगळं, त्या जूनमध्ये हरवलेल्या बटणाच्या जागी घाईघाईनं लावलेलं. जन्मात तिनं स्वतःची पाठ पाहिली नव्हती. ती इतकी थकलेली असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

छातीत कुठंतरी बारीक कळ आली. आली की आल्यासारखी वाटली, ते तिला सांगता आलं नसतं.

"डाग आहे गं," ती म्हणाली. "तेजाब नीट धुतलं गेलं नाही की असं होतं. मीच धुतलं होतं ना."

"भीती वाटते बघून."

"मग नको बघूस." तिनं कागदाची घडी केली, चुलीचं दार उघडलं आणि आत टाकला. तो लगेच पेटला नाही; काठानं काळा होत गेला, मग एकदम उजळला. तिनं दार लावलं.

लोइसनं केटली चढवली. कप मांडले, पाव कापला, शेजारणीच्या नवऱ्याबद्दल काहीतरी गमतीचं सांगू लागली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आई ऐकत नाहीये, नुसती तिच्याकडे बघतेय.

"काय बघतेस अशी? अजून पिवळी दिसते का मी?"

"नाही. बरी दिसतेस." थर्झानं पायानं खुर्ची पुढे ढकलली. "कामं राहू दे. ये, अशी समोर बस जरा."

लोइस हसत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.